बेऱ्योझा : झाड, साल आणि शब्द

तळटीप (धागाकर्ती)

रशियन शिकणाऱ्याला पहिल्या दोन-तीन महिन्यांत एक झाड भेटतंच, ते म्हणजे बेऱ्योझा. इंग्रजीत ज्याला बर्च म्हणतात ते. 'कैऱ्या'तला ऱ्य आणि 'झाडा'तला झ ('झिम्म्या'तला नव्हे), त्यामुळे मराठी जिभेला हा शब्द फारसा त्रास देत नाही. पुस्तक कुठलंही असो, पांढरं खोड, त्यावर काळे पट्टे आणि मागे बर्फ, हे चित्र ठरलेलं. मी प्राथमिक रशियन शिकवते आणि दर तुकडीत या शब्दापाशी मुद्दाम थांबते, कारण फळ्यावर 'बेऱ्योझा' आणि त्याखाली 'भूर्ज' लिहिलं की पेंगणारा वर्गसुद्धा जागा होतो. भूर्ज म्हणजे आपल्या भूर्जपत्रातला भूर्ज. झाडं एकाच प्रजातीतली आहेतच, शब्दही मुळात एकच आहे.

आता 'एकच' म्हणजे काय ते नीट सांगते, नाहीतर लगेच 'कॅस्पियन म्हणजे कश्यप' सुरू होईल.

सगळ्या स्लाव भाषांची जी जुनी, कधीच न लिहिली गेलेली आई, तिच्यात या झाडाला 'बेर्झा' म्हणत असावेत. स्वर, मग र, आणि लगेच पुढे व्यंजन ही जुळणी पुढे स्लाव लोकांना नकोशी झाली आणि ज्याने त्याने आपापल्या परीने ती मोडली. रशियन, युक्रेनी, बेलारूसी मंडळींनी र च्या दोन्ही अंगांना स्वर ठेवला: बेऱ्योझा, बेरेझा, ब्यारोझा. दक्षिणेकडच्या सर्ब आणि बल्गेरियन लोकांनी र आणि ए यांची अदलाबदल केली: ब्रेझा. चेकनी अदलाबदल करून स्वर लांबवला, तर पोलिशमध्ये र चं पार घर्षण होऊन ब्झोझा झालं. हा खेळ एकट्या बर्चचा नाही. नोव्हगोरदमधला 'गोरद' आणि लेनिनग्रादमधला 'ग्राद' दोन्हींचा अर्थ शहर. पहिला अस्सल रशियन घडणीचा, दुसरा दक्षिणी स्लाव वळणाच्या चर्चच्या भाषेतून आलेला.

स्लावांच्या शेजारी लिथुआनियनमध्ये बेर्झास, जर्मनमध्ये बिर्के, आणि तिथून उडी मारली की थेट हिमालयात भूर्ज. संस्कृतातल्या ज समोर रशियनमध्ये झ दिसतो, हे इतरत्रही पडताळता येतं: आपलं जाणणे, त्यांचं झ्नात्, संस्कृत जम्भ म्हणजे दात किंवा दाढ, त्यांचा झूब म्हणजे दात. भ चा ब तर ठरलेलाच, भ्राता आणि ब्रात.

पण मला खरी गंमत वाटते ती भूर्जमधल्या दीर्घ ऊ ची. तो दीर्घ का? 'पूर्ण'मध्ये तो ज्या कारणाने दीर्घ आहे त्याच कारणाने. मूळ भारोपीय भाषेत (संस्कृत आणि बहुतेक युरोपीय भाषांची जुनी पूर्वज) र/ल च्या लगेच पुढे घशातून निघणारं एक व्यंजन होतं, जे पुढे जवळपास सगळीकडून नाहीसं झालं. जाता जाता संस्कृतात त्याने ऊ लांबवला. स्लाव भाषांत त्याने आघात ठरवला: रशियनमध्ये जोर दुसऱ्या स्वरावर, बे-ऱ्यो-झा, आणि चेकमध्ये स्वर दीर्घ. 'गोरद'मध्ये असं व्यंजन मुळात नव्हतं, म्हणून तिथे जोर पहिल्या स्वरावर, गो-रद, आणि चेकमध्ये स्वर ऱ्हस्व. पाणिनीच्या भाषेतला दीर्घ स्वर आणि मॉस्कोच्या मेट्रोत कुणी 'बेऱ्योझा' म्हणताना देतं तो झटका, हे एकाच हरवलेल्या वर्णाचे माग आहेत.

झाडाबद्दल माझी माहिती यथातथाच, जाणकारांनी भर घालावी.

---

निंबोणी

झकास धागा. कैऱ्यातला ऱ्य वाचून घरी मोठ्याने म्हणून बघितलं, नवरा दचकला. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

चौकस_नाना

लेख छान. पण मग सरळ म्हणा ना, की रशियन ही संस्कृतातूनच निघाली. एवढा आडवळणाचा घाट कशाला?

---

तळटीप

नाना, तुमची वाटच बघत होते. :)

बेर्झा भूर्जमधून निघाला असता तर त्यातला ए कुठून आला? ऊर चा एर करणारा नियम स्लाव भाषांत नाही. उलट एर पासून भूर्ज काढायचा तर तिथेही जमत नाही. दोघांच्या मागे एक तिसरं रूप धरावं लागतं, ज्यात एकीकडे पूर्ण स्वर होता आणि दुसरीकडे तो गळून र च स्वरासारखा वागत होता. आपल्याकडे 'करणे' आणि 'कृत' यांत जो फरक आहे तसलाच. म्हणजे नातं आई-लेकीचं नाही, चुलत भावंडांचं आहे.

आणखी एक. वड, पिंपळ, आंबा, पळस यांना रशियनमध्ये भाऊबंद नाहीत. झाडांच्या नावांपैकी संस्कृत आणि युरोप यांच्यात समाईक राहिलेली नावं अगदी मोजकी, भूर्ज त्यांतलं सगळ्यांत भरवशाचं. (सर्वसाधारण 'लाकूड/झाड' या अर्थाचं दारु आहेच, देवदारमधला दार आणि रशियन द्येरेवो, म्हणजे झाड, एकाच घरचे.) कारण उघड आहे. जे लोक हिमालयाच्या पायथ्याशी आले त्यांना हे झाड वर डोंगरात पुन्हा दिसलं, म्हणून नाव टिकलं. इटलीच्या सखल भागात बर्च फारसा नाही, तिथे बहुधा हेच नाव ॲश या दुसऱ्याच झाडाला चिकटलं: लॅटिन फ्राक्सिनुस.

---

गवतफुला

वनस्पतिशास्त्र हा माझा पोटापाण्याचा विषय, म्हणून घुसते.

या प्रजातीचं शास्त्रीय नाव बेट्युला. रशियात ज्यांना सरसकट बेऱ्योझा म्हणतात ते मुख्यतः दोन: बेट्युला पेंड्युला (फांद्या खाली लोंबतात, कोवळ्या डहाळीवर मस्से असतात) आणि बेट्युला प्युबेसन्स (डहाळीवर लव, दलदलीतही तग धरतो). पहिल्यात गुणसूत्रं २८, दुसऱ्यात ५६, तरी लांबून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच. आपला भूर्ज तो बेट्युला युटिलिस. हा हिमालयात साधारण ३००० मीटरच्या वर, जिथे जंगल संपून गवताळ माळ सुरू होतो त्या रेषेवर वाढतो. मराठी ट्रेकर गोमुखला जाताना ज्या भोजबासाला मुक्काम करतात, तिथला 'भोज' म्हणजे हाच भूर्ज. तिथे आता जुनी झाडं फार कमी उरली आहेत. गिर्यारोहक हर्षवंती बिष्ट यांनी त्या भागात भूर्जाची लागवड केली आहे.

साल पांढरी का? बाहेरच्या थरात बेट्युलिन नावाचं द्रव्य भरलेलं असतं, त्यामुळे. पीटर्सबर्गमध्ये काम करणाऱ्या लोविट्झ या रसायनशास्त्रज्ञाने ते १७८८ साली वेगळं काढलं. बेट्युलिन पाणी आत शिरू देत नाही आणि बुरशीलाही दाद देत नाही. बर्चच्या जंगलात पडलेलं जुनं खोड उचलायला जा, हातात सालीची पोकळ नळी येते आणि आतलं लाकूड भुसा होऊन गळून पडतं. पुढे कुणी पोथ्या आणि पत्रांबद्दल लिहिणार असेल तर हे ध्यानात ठेवा, कागदाच्या कामाला ही साल का चालली त्याचं उत्तर इथे आहे. सालीवरच्या त्या आडव्या काळ्या रेघा म्हणजे खोडाची श्वसनरंध्रं. साल आडवी सोलली जाते, उभी नाही. पातळ पापुद्रे एकावर एक असतात आणि नखाने सुटतात.

स्वभावाने हे झाड आगाऊ. जंगल जळालं, शेत ओस पडलं की सगळ्यांत आधी हे हजर. बी पंखवालं आणि इतकं हलकं की वाऱ्यावर कुठेही जातं. उन्हाचं वेडं, म्हणून सावलीत टिकत नाही. स्वतःच्याच सावलीत मागाहून वाढलेले स्प्रूस शेवटी त्याला हटवतात.

आणि भाषावाल्यांसाठी एक खाऊ. रशियात 'पद्बेऱ्योझविक' नावाचं खाण्याचं अळंबं आहे. पद् म्हणजे खाली, बर्चखालचं. हे नुसतं काव्य नाही, ते खरोखर बर्चच्या मुळांशी देवाणघेवाण करत जगतं, दुसऱ्या झाडाखाली सहसा सापडत नाही. अ‍ॅस्पेनखाली उगवतं त्याचं नाव पदसीनविक. गावातल्या अळंबी गोळा करणाऱ्या बायांनी हे नातं नावात बांधून ठेवलं होतं.

---

मॉस्को_रिटर्न

ऐंशीच्या दशकात तिकडे शिकायला होतो, त्यामुळे बेऱ्योझाची आमची पहिली ओळख झाडाची नव्हेच. 'बेऱ्योझ्का' नावाची दुकानं होती, जिथे रूबल चालायचे नाहीत, परकीय चलन किंवा त्याचे चेक लागायचे. बाहेर रांगेत जे मिळायचं नाही ते तिथे मांडून ठेवलेलं. त्या काळच्या रशियनांना 'बेऱ्योझ्का' म्हटलं की निम्म्यांना ते दुकान आठवतं आणि निम्म्यांना नाद्येझ्दिना यांनी १९४८ साली उभा केलेला बायकांचा नृत्यसंघ. त्यात लांब झगे घातलेल्या मुली अशा सरकतात की पाऊल उचललेलं दिसतच नाही.

बर्चचं पाणी हा दुसरा प्रकार. मार्च-एप्रिलमध्ये, पानं फुटायच्या आधी, खोडाला भोक पाडून नळी लावायची. थेंब थेंब गळतं. पाण्यासारखंच दिसतं, किंचित गोड. साखर जेमतेम टक्काभर. दुकानात तीन लिटरच्या काचेच्या बरण्यांत मिळायचं. मित्र कौतुकाने पाजायचे, मला उसाच्या रसाची सवय, काय बोलणार? 'छान आहे' म्हटलं.

बान्यामध्ये, म्हणजे त्यांच्या वाफेच्या न्हाणीघरात, बर्चच्या पानांसकट डहाळ्यांची जुडी गरम पाण्यात भिजवून एकमेकांच्या पाठीवर मारतात. पहिल्यांदा मला वाटलं काहीतरी चुकलंय माझं. याच डहाळ्यांवरून 'बर्चची लापशी खाऊ घालणे' असा वाक्प्रचार आहे, म्हणजे आपला छडीचा प्रसाद. सालीपासून काळं, उग्र वासाचं डांबर काढतात, त्याला द्योगत म्हणतात. पूर्वी बूट, चामडं, गाडीचे आस सगळ्याला तेच. 'मधाच्या पिंपात चमचाभर द्योगत' ही त्यांची म्हण, आपण दुधात मिठाचा खडा म्हणतो ते.

---

प्रागकर

चेकमध्ये मार्च महिन्याला 'ब्रझेझन' म्हणतात (र आणि झ एकाच दमात, इथे पंधरा वर्षं राहूनही पोरं माझ्या उच्चाराला हसतात). युक्रेनीत मार्च म्हणजे बेरेझेन. दोन्हींचा बर्चशी संबंध लावतात. बेलारूसीत मार्च 'साकाविक', तो सोक म्हणजे रस या शब्दावरून, वर बरणीतलं जे पाणी आलंय त्याचाच महिना. रशियनांनी मात्र लॅटिन महिने घेतले आणि हे सगळं घालवलं. चेक महिन्याबद्दल दुसरं मतही आहे: 'ब्रझेझी' म्हणजे गाभण, जनावरं गाभण असण्याचा महिना. मला बर्चवालं जास्त पटतं, कारण जुन्या चर्चच्या स्लाव भाषेत एप्रिलचं नाव याच घडणीचं आहे आणि युक्रेनियन रूपही तिकडेच बोट दाखवतं.

एक जड गोष्ट. पोलिशमध्ये ब्झेझिना म्हणजे बर्चची राई, आणि त्यावरून ब्झेझिंका हे गावाचं नाव. जर्मनांनी त्याचं भाषांतर केलं: बिर्केनाऊ. हो, नाझी छळछावणीचं तेच. ऑशविट्झला गेलात तर कुंपणापलीकडे बर्च आजही दिसतात.

---

निंबोणी

बिर्केनाऊचा असा अर्थ असेल असं कधी डोक्यातच आलं नव्हतं. काटा आला.

---

शारदालिपी

भूर्जपत्राबद्दल थोडं. पुण्यात राहणाऱ्यांना सांगायला हवं की याचा एक अव्वल नमुना त्यांच्या शहरातच आहे. संस्कृतचा युरोपीय अभ्यासक ब्यूलर १८७५ साली काश्मीरला गेला आणि हस्तलिखितांचा मोठा साठा घेऊन आला. सरकारी संग्रह म्हणून तो आधी डेक्कन कॉलेजात होता, नंतर भांडारकर संस्थेत आला. भांडारकरमधल्या ऋग्वेदाच्या ज्या ३० पोथ्यांची २००७ साली युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत नोंद झाली, त्यांतली एक भूर्जपत्रावर शारदा लिपीत लिहिलेली आहे. बाकीच्या २९ कागदावर.

याहून जुनं हवं असेल तर गांधारातल्या खरोष्ठी लिपीतल्या भूर्जाच्या गुंडाळ्या. ब्रिटिश लायब्ररीकडच्या गुंडाळ्या साधारण इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या, मातीच्या मडक्यात भरून ठेवलेल्या. शून्यासाठी टिंब वापरणारी बख्शाली पोथीही भूर्जावरच. ती १८८१ साली मर्दानजवळच्या बख्शाली गावात शेतात सापडली, आता ऑक्सफर्डला आहे. अल-बेरुनीने ही साल कशी तयार करतात ते लिहून ठेवलंय: तेल लावून, घोटून गुळगुळीत करायची, मग त्यावर लिहायचं. आपल्याकडे भूर्जावर शाई आणि लेखणीने लिहीत. कोरत नसत, कोरण्याचं काम ताडपत्रावर, दक्षिणेत.

आणि हे फक्त शास्त्रापुरतं नव्हतं. कुमारसंभवाच्या पहिल्याच सर्गात हिमालयाचं वर्णन करताना कालिदास सांगतो की तिथे विद्याधरांच्या बायका भूर्जाच्या सालीवर गेरूसारख्या धातुरसाने प्रेमपत्रं लिहितात. विक्रमोर्वशीयात उर्वशीही पुरूरव्याला भूर्जावरच लिहून पाठवते, आणि ते पान नेमकं राणीच्या हाती लागतं. राणीचा रुसवा तिथूनच सुरू होतो.

---

तळटीप

शारदालिपी, तुम्ही प्रेमपत्राचा विषय काढलात, आता मला राहवत नाही.

नोव्हगोरदमध्ये २६ जुलै १९५१ ला नीना अकूलोवा या उत्खननावर काम करणाऱ्या बाईंना चिखलात सालीची एक गुंडाळी सापडली. त्यावर अक्षरं होती. मोहिमेचे प्रमुख आर्त्सिखोव्स्की काही क्षण गप्प उभे राहिले आणि मग शंभर रूबलचं बक्षीस जाहीर केलं, असं सांगतात. तेव्हापासून एकट्या नोव्हगोरदमध्ये अशी ११०० हून जास्त पत्रं निघाली आहेत. ११ व्या ते १५ व्या शतकातली, आणि जवळजवळ सगळी शाईशिवाय, हाडाच्या किंवा लोखंडी टोच्याने सालीच्या आतल्या मऊ बाजूवर कोरलेली. तिथली जमीन पाण्याने इतकी गच्च की हवा आत जात नाही, त्यात गवतफुलांचं ते बेट्युलिन. म्हणून टिकली. गंमत म्हणजे ही राजांची फर्मानं नाहीत. कुणाचं किती देणं आहे, मासे पाठव, शर्ट पाठव, नवरा दुसरीच्या नादी लागलाय, असलं रोजचं.

त्यातलं ७५२ क्रमांकाचं पत्र १०८० ते ११०० च्या सुमाराचं. एका बाईने लिहिलंय: मी तुझ्याकडे तीनदा निरोप धाडला, या आठवड्यात तू आला नाहीस, माझ्याबद्दल तुझ्या मनात काय वाकडं आहे? पत्र फाडून त्याला गाठ मारून टाकून दिलेलं सापडलं. फाडलं कुणी, त्याने की तिने, कळायला मार्ग नाही.

आणि ऑन्फिम. १३ व्या शतकातला सहा-सात वर्षांचा पोरगा. त्याने सालीच्या डबीच्या फेकून दिलेल्या बुडावर एका बाजूला मुळाक्षरं गिरवली आणि दुसऱ्या बाजूला शेपटीवाला, तोंडातून काहीतरी ओकणारा प्राणी काढला. शेजारी लिहिलं, 'मी जनावर आहे'. चौकटीत: 'ऑन्फिमचा दनीलाला नमस्कार'. दुसऱ्या एका तुकड्यावर घोडेस्वार, खाली पडलेल्या शत्रूला भोसकतोय, आणि स्वारावर नाव अर्थातच ऑन्फिम. माणसांना बोटं किती काढायची यावर पोराचं एकमत नाही, कुठे तीन, कुठे पाच.

भाषेच्या दृष्टीने मात्र खरा बॉम्ब टाकला पत्र क्रमांक २४७ ने. त्यात एके ठिकाणी 'केले' असा शब्द होता. बरीच वर्षं सगळे त्याला 'खोली' समजत होते आणि वाक्य लागत नव्हतं. आंद्रेई झालिझ्न्याक या रशियन भाषाशास्त्रज्ञाने दाखवलं की तो 'त्सेले' आहे, म्हणजे शाबूत: कुलूप शाबूत आहे, दारं शाबूत आहेत. कुठल्या तरी चोरीच्या आरोपावरचं उत्तर होतं ते. क च्या जागी त्स व्हायला हवा होता. इतर सगळ्या स्लाव भाषांत तो बदल झालाय, जुन्या नोव्हगोरदच्या बोलीत झालाच नव्हता. तोपर्यंत समजूत अशी की हा बदल सगळ्या स्लावांत एकजात झाला. सालीच्या एका चिटोऱ्याने ती मोडली.

हाच झालिझ्न्याक (१९३५-२०१७) संस्कृतही जाणत होता. १९७८ साली निघालेल्या कोचेर्गिना यांच्या संस्कृत-रशियन कोशाच्या शेवटी संस्कृत व्याकरणाची जी रूपरेषा आहे, ती त्याने लिहिली. रशियन विद्यार्थी आजही तीच वापरतात. दर वर्षी शरद ऋतूत तो मॉस्को विद्यापीठात त्या उन्हाळ्यात सापडलेल्या पत्रांवर बोलायचा, आणि सभागृहात लोक पायऱ्यांवर बसायचे. शिवाय 'सगळ्या भाषा रशियनमधूनच निघाल्या' म्हणणाऱ्यांवर त्याने सणसणीत लिहिलं आहे. तिकडेही नाना आहेत!

---

चौकस_नाना

नोंद घेतली आहे. :D

---

तर्कटराव

माहिती भरपूर, पण एक प्रश्न कुणीच विचारला नाही. बेर्झा/भूर्ज चा मूळ अर्थ 'पांढरा, चमकणारा' असं सगळीकडे वाचायला मिळतं. धागाकर्तीने तो दावा केलेला नाही याबद्दल आभार, पण त्याचा आधार काय? आणि हिमालयातला भूर्ज मला तरी पांढरा दिसला नाही. मी पाहिलेले तांबूस, गुलाबीसर, तांब्याच्या भांड्यासारखे होते.

---

गवतफुला

रंगाचं बरोबर आहे. बेट्युला युटिलिसमध्ये रंग फार बदलतो. पश्चिम हिमालयात पांढुरका, पूर्वेकडे जावं तसा तांबूस-तपकिरी. युरोपातल्या बागांत लावतात तो लख्ख पांढरा प्रकार पश्चिमेकडचा.

---

तळटीप

तर्कटराव, मुद्दा रास्त. आधार असा: अल्बेनियनमध्ये 'बार्ध' म्हणजे पांढरा, आणि तो याच मुळाचा धरतात. इंग्रजी 'ब्राइट'ही त्याच घरात बसवतात. रशियनमध्ये पहाट फुटू लागली की 'ब्रेझ्झित' म्हणतात, तोही शब्द या यादीत घालण्याची पद्धत आहे. संस्कृतातलं 'भ्राज्', चमकणे, बहुतेक कोशांत शेजारी मांडलेलं दिसेल. पण ते भ्राज् मला सरळ जुळताना दिसत नाही. वर सांगितलेलं हरवलेलं घशातलं व्यंजन भूर्जमध्ये र च्या लगेच पुढे होतं. भ्राज् मध्ये र आणि त्याच्यामध्ये स्वर होता. एकाच मुळाच्या दोन घडणी म्हणायच्या, की अर्थ जुळतो म्हणून आपण ओढून आणतोय, यावर मी पैज लावणार नाही. 'पांढरं झाड' हा अर्थ शक्यतेच्या कोटीतला, बऱ्यापैकी वजनदार, एवढंच.

ठामपणे खोटं म्हणता येईल असंही एक आहे. रशियन आंतरजालावर 'बेऱ्योझा म्हणजे बेरेच्, राखणे' अशी व्युत्पत्ती फार फिरते: लेकरांना राखणारी देवी, तिचं झाड, वगैरे. बेरेच् मधला मूळ वर्ण ग होता ('मी राखतो' म्हणताना तो ग अजूनही निघतो: बेरेगू), बेऱ्योझामधला झ ग पासून आलेला नाही. त्रोइत्सा या सणाला घरं आणि चर्चं बर्चच्या फांद्यांनी सजवतात हे खरं, पण सणाने व्युत्पत्ती सिद्ध होत नाही.

---

निळा_कावळा

अवांतर: रशियनमध्ये अक्षराला 'बूक्वा' म्हणतात आणि बीच झाडाला 'बूक'. म्हणजे लिहिण्याचं नातं खरं तर त्या झाडाशी ना? मग बर्च कशाला डोक्यावर घेताय?

---

तळटीप

अवांतर नाही, उलट चांगलं उदाहरण दिलंत. बूक हा स्लावांनी जर्मानिक शेजाऱ्यांकडून उसना घेतलेला शब्द, आणि बूक्वाही तिकडूनच आला. बेऱ्योझा मात्र घरचा. यावरून जुन्या अभ्यासकांनी एक तर्क लढवला: बीच झाडाची पूर्वेकडची सीमा साधारण कालिनिनग्राद ते ओदेसा अशी जाते. स्लावांना त्या झाडाला स्वतःचं नाव नाही, बर्चला आहे, म्हणजे ते त्या रेषेच्या पूर्वेला राहत असणार. तर्क देखणा आहे, पण झाडांची नावं सरकतात ही त्याची ठिसूळ बाजू. ग्रीकांनी बीचचं नाव ओकला दिलं, लॅटिनने बर्चचं ॲशला. शिवाय हवामान बदलतं तशी झाडांची सीमाही सरकते. पॉल फ्रीडरिशने १९७० साली भारोपीय वृक्षनामांवर अख्खं पुस्तक लिहिलं, त्यातही बर्चचा पुरावा बीचपेक्षा पुष्कळ भक्कम ठरतो.

---

मॉस्को_रिटर्न

एक शंका. बेऱ्योझा आणि बेऱ्योझ्का यात फरक लाडाचाच ना? दुकानाला लाडाचं नाव का दिलं देव जाणे.

---

तळटीप

हो, लाडाचा. तो -का आपल्या 'बालिका'मधल्या -का चा जुना नातेवाईक आहे. रशियन लोक लाडाशिवाय बोलतच नाहीत, चहालासुद्धा 'चायोक' म्हणतात.

---

साधा_वाचक

बराच वेळ नुसता वाचतोय. पूजेच्या दुकानात ताइतासाठी भूर्जपत्र मिळतं ते खरं असतं का?

---

गवतफुला

ओळखायची युक्ती: नखाने पापुद्रा सुटतो का बघा, आणि आडव्या बारीक रेघा दिसतात का बघा. नुसता रंगवलेला जाड कागद असेल तर दोन्ही नाहीत. पण खरं मिळालं तरी घेऊ नका असं सांगेन. हे झाड फार सावकाश वाढतं, आणि उभ्या झाडाची साल खोलवर सोलली की ते मरतं.

---

चौकस_नाना

माझी शेवटची शंका, मग गप्प बसतो. साल आहे तर 'पत्र' का म्हणतात? पत्र म्हणजे पान.

---

शारदालिपी

ताडाचं खरोखर पान असतं, त्यावर लिहायचे, म्हणून पत्र. मग लिहायची कुठलीही सपाट पातळ वस्तू पत्र झाली: भूर्जपत्र, ताम्रपत्र, सुवर्णपत्र. तिथून लिहिलेला मजकूर म्हणजे पत्र. आणि दुसऱ्या वाटेने नुसता पातळ पापुद्रा घेऊन पत्रा झाला, तो तुमच्या गोठ्यावर आहे. मधल्या मध्ये पत्रावळीने मात्र पान सोडलं नाही.

---

चौकस_नाना

गोठा विकला, पत्रा आहे. बाकी ते पद्बेऱ्योझविक चवीला कसं लागतं, रिटर्नसाहेब?

---

मॉस्को_रिटर्न

आंबट मलईत कांद्यासोबत परतून खाल्लं होतं. मऊ, थोडं बुळबुळीत. दुसऱ्यांदा मागून घेतलं.